फेरी आणि राखण



तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी आपल्यापैकी पुष्कळांनी केली असेल. अंगावर पाऊस, पायाखाली चिखल, मुखात नाम आणि उजव्या हाताला ढगात शिरलेला तो काळा कडा. मीही ही फेरी तरुणपणापासून करीत आलो. आता गुडघे नाही म्हणतात. फेरी सुटली आणि मागे एक प्रश्न राहिला. तो आज तुमच्यापुढे मांडतो. ज्याच्याभोवती आपण इतकी वर्षे फिरलो, त्या डोंगराचे आपण काय केले?

प्रश्नाच्या मुळाशी जायचे तर आपल्या संप्रदायाच्या मुळाशी जावे लागते. ती कथा तुम्हाला ठाऊक आहे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई मुलांना घेऊन त्र्यंबकेश्वरी आले. समाजाने टाकलेले कुटुंब. रात्री ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता रानातून वाघ पुढे आला, सगळ्यांची पांगापांग झाली आणि थोरले निवृत्तिनाथ वाट चुकून एका गुहेत शिरले. तेथे गहिनीनाथ बसले होते. नाथांनी त्या बालकावर कृपा केली. तीच कृपा निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाच्या पदरात घातली आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. गोदावरीचा उगम आणि आपल्या गुरुपरंपरेचा या भूमीवरचा उगम एकाच डोंगरावर आहे, हे आपण नाशिककर अभिमानाने सांगतो.

चाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहून मी ही कथा सांगितली. वाघ आला की पखवाजवाल्याला डोळ्याने खूण करायची, तो एक जोराची थाप द्यायचा आणि पुढे बसलेली मुले दचकायची. मग मी गुहेत शिरायचो. वाघ तिथेच संपायचा. निवृत्तिनाथांना गुहेत पोहोचवण्यापुरतेच त्याचे काम, असे मी धरून चाललो होतो.

एकदा त्र्यंबक तालुक्यातल्या एका पाड्यावर कीर्तन होते. ते आटोपल्यावर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. पाया पडू लागले, मी हात धरले. म्हणाले, "बुवा, येक सांगू? वाघ आडवा नाय आला. वाट दावाया आला."

मी थबकलो. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागांत कोकणा, महादेव कोळी, वारली समाजांत वाघ हा देव आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, रानाच्या कडेला वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. शिळेवर किंवा लाकडी फळीवर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, बाजूला नाग. त्या म्हाताऱ्यांच्या लेखी वाघ म्हणजे रानाचा राखणदार. मी ज्याला विघ्न म्हणत आलो, त्याला ते गुरूच्या दाराचा भालदार म्हणत होते. चाळीस वर्षांत हे मला सुचले नाही. रानात राहणाऱ्याला एका वाक्यात सुचले.

आता विचार करा. वाघ यायला रान लागते. रान दाट असल्याशिवाय पांगापांग होत नाही, वाट चुकत नाही, गुहा सापडत नाही. सातशे वर्षांपूर्वी ब्रह्मगिरीभोवती ते रान होते, म्हणून आपली कथा घडली. आज तेथे वाघ नाही. बिबटे आहेत आणि रान आटल्यामुळे ते उसात येतात, वस्तीत येतात. वाघदेवाची शिळा जागेवर आहे, तिच्यामागचे रान मात्र ठिकठिकाणी उघडे पडले आहे.

हे कसे झाले? एका दिवसात झाले नाही आणि एकट्याने केले नाही. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी वर चढली. रुळांखाली लाकडी स्लीपर हवेत, पुलांना तुळया हव्यात, वाढत्या शहरांच्या चुलींना कोळसा हवा. त्याच साली पहिला वन कायदा आला आणि १८७८ साली दुसरा, अधिक कडक. त्याने रानांच्या हद्दी आखल्या, राखीव आणि संरक्षित असे भाग पाडले. कायद्यामुळे काही जंगल वाचले हे खरे. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कालपर्यंत जे गावाचे रान होते, ज्याची सीमा गावदेवी सांगत होती, ते सरकारी झाले. आणि सरकारी म्हणजे आपले नाही, अशी समजूत हळूहळू पक्की झाली. जे आपले नाही त्याची राखण कोण करील? पूर्वी देवराईतली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही असा दंडक होता. देवीचा धाक होता, त्याहून अधिक आपलेपणा होता. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून पाहिल्या आणि त्यांची शास्त्रीय नोंद केली. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले असतानाही देवाच्या नावाने राखलेले ते तुकडे टिकून होते. विद्वानांनी ज्याला संवर्धन म्हटले त्याला आपल्याकडे साधा शब्द होता, राखण.

आता माझा अपराध सांगतो. गादीवर बसून दुसऱ्याला उपदेश केला, तेव्हा स्वतःचेही सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या एका टेकडीवर वृक्षारोपणाचा सोहळा होता. कोणी केला ते सांगत नाही. आषाढाचे दिवस, मांडव, हार, फोटो. माझे कीर्तन ठेवले होते. तुकोबांचा वृक्षवेलींवरचा अभंग निरूपणाला घेतला. कीर्तनानंतर एका फुटक्या खडकाशेजारच्या खड्ड्यात माझ्या हातून वडाचे रोप लावले. नारळ आणि मानधन घेऊन मी घरी आलो.

पुढच्या वर्षी त्याच लोकांचे आमंत्रण आले. तीच टेकडी, तोच मांडव. माझ्या हाती रोप दिले आणि मला खड्ड्यापाशी नेले. शेजारी तो फुटका खडक. खड्डा तोच होता. आत गेल्या वर्षीच्या रोपाची काळी पिशवी होती आणि पिशवीत वाळलेली काडी. गेल्या वर्षी पिशवी फाडण्याइतकेही भान आम्हाला राहिले नव्हते. मुळाला माती लागलीच नव्हती.

माउली, मी काय केले असेल? काहीच बोललो नाही. ती पिशवी बाजूला टाकली, नवे रोप लावले, कीर्तन केले, तोच अभंग पुन्हा म्हटला. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री झोप आली नाही. आळंदीला जाणारा वारकरी अर्ध्या वाटेवरून परत फिरला आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ध्यापर्यंत गेला, तर त्याला कोणी वारकरी म्हणेल का?

त्या दिवशी एका तरुण स्वयंसेवकाने हळूच म्हटलेले वाक्य डोक्यात फिरत होते. "महाराज, जुलैत सगळेच येतात. तुम्ही एप्रिलमध्ये या." त्यानेच पुढे मला बोरगड पाहायला सांगितले.

नाशिकहून पेठच्या वाटेला लागले की रामशेज दिसतो. मोगलांच्या वेढ्याला वर्षानुवर्षे दाद न देणारा तोच किल्ला. त्याच्या शेजारी बोरगड, काही जण भोरगड म्हणतात. माथ्यावर हवाई दलाचे ठाणे आहे. माझ्या तरुणपणी हा डोंगर जवळजवळ बोडका होता. कुऱ्हाड, चराई आणि दर उन्हाळ्याचा वणवा, या तिघांनी मिळून त्याची साल काढली होती. नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी ऑफ नाशिक या संस्थेच्या पक्षीप्रेमी मंडळींनी तो हाती घेतला. वन खाते, पायथ्याची गावे आणि हवाई दल यांना सोबत घेतले आणि वर्षामागून वर्षे काम चालू ठेवले. २००८ साली बोरगड महाराष्ट्रातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे ३४९ हेक्टर.

हा शब्द थोडा समजून घेऊ, कारण त्यात आपल्यासारख्या साध्या माणसांना जागा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे प्रकार त्यात होतेच. २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्र हा नवा प्रकार आला. स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून राज्य सरकार ते जाहीर करते. त्याच्या व्यवस्थापन समितीत वन खात्याचा प्रतिनिधी असतो, तसाच हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी आणि वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात. म्हणजे १८७८ साली ज्या गावाला रानाबाहेर उभे केले, त्याला सव्वाशे वर्षांनी पुन्हा राखणीच्या पंगतीत पाट मिळाला. पूर्ण मान मिळाला असे म्हणणार नाही, पण पाट मिळाला.

मी एप्रिलच्या उन्हात तिकडे गेलो. पायथ्याच्या गावातले एक गृहस्थ वाटेला सोबत होते. मी विचारले, "एवढी झाडे कोणी लावली?" ते म्हणाले, "लावली थोडी, महाराज. राखली जास्त."

मग त्यांनी मला एक खुंट दाखवला. जुन्या तोडीचा, मनगटाएवढ्या फुटव्यांनी भरलेला. डोंगर बोडका दिसतो तेव्हा तो मेलेला असतोच असे नाही. साग, पळस, धावडा यांची मुळे जमिनीत जिवंत असतात. दर वर्षी कोंब फुटतो, दर वर्षी शेळी तो खाते किंवा वणवा जाळतो. चार-सहा वर्षे शेळी, कुऱ्हाड आणि आग या तिघांना थोपवून धरले, तर डोंगर पुष्कळ काम स्वतःच करतो. पाणी अडवायला ओघळीत दगडांचे बांध घालायचे. हिवाळा सरता सरता जाळरेषा काढायच्या, म्हणजे गवताचा पट्टा आधीच साफ करून ठेवायचा, की वणवा आला तरी तिथे थांबावा. चराईवाल्याशी भांडायचे नाही, त्याच्या चाऱ्याची सोय बघायची. आणि हे सगळे पुढच्या वर्षी पुन्हा करायचे.

ऐकता ऐकता मला वाटले, हा तर नेम आहे. वारकऱ्याला हा शब्द कोणी शिकवायला नको. एकदा पंढरीला जाऊन आलेल्याला आपण वारकरी म्हणत नाही, यात्रेकरू म्हणतो. जो दर वर्षी जातो, पाऊस पडो न पडो, पीक येवो न येवो, तो वारकरी. झाड लावणे ही यात्रा आहे, रान राखणे ही वारी आहे. आणि आम्ही वारकरी असून रानाच्या बाबतीत यात्रेकरूच राहिलो.

शहरातही हा नेम धरणारे आहेत. ५ जून २०१५ रोजी सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर, वन विभागाच्या जागेत, 'आपलं पर्यावरण' या संस्थेच्या हाकेला ओ देऊन हजारो नाशिककर जमले आणि एका दिवसात सुमारे ११ हजार देशी झाडे लावली गेली. त्या सोहळ्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मला त्या दिवसाहून पुढच्या उन्हाळ्यांचे महत्त्व अधिक वाटते. रविवारी पहाटे उठून पाणी घालायला, आळी करायला, गवत काढायला जाणारी माणसे होती, म्हणून त्या जागेला आज लोक 'नाशिक देवराई' म्हणतात. देवराई नाव ठेवल्याने होत नाही. पण नाव ठेवल्यावर ते राखण्याची लाज तरी वाटते.

राखणीत आणखी एक गोष्ट येते, ती मला उशिरा कळली. कधी कधी काहीही न लावणे हीच राखण असते. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी आहे. हनुमंतांचे जन्मस्थान म्हणून आपण तिथे माथा टेकतो. त्या पठारावर पावसाळ्यात गवताच्या आडोशाला कंदिलाच्या आकाराचे एक इवलेसे फूल उमलते. शास्त्रज्ञांनी २००६ साली त्याचे वर्णन केले आणि नाव दिले सेरोपेजिया अंजनेरिका. अंजनेरीचे नाव त्याला जगभर मिळाले. आता भक्तिभावाने कोणी तिथे हजार रोपे नेऊन लावली, तर त्या गवताळ पठारावर सावली पडेल आणि ते फूल जाईल. २०१७ साली अंजनेरीचे सुमारे ५.६९ चौरस किलोमीटर क्षेत्रही संवर्धन राखीव झाले. तिथे आपली सेवा कोणती? पायवाट सोडू नये, प्लॅस्टिक टाकू नये, दुसऱ्याने टाकलेले उचलून आणावे. एवढीच. हनुमंत सेवेचा आदर्श. स्वामीने सांगितले तेवढे करावे, आपल्या हौसेचे करू नये, हे त्यांच्या दारात तरी लक्षात ठेवू.

काही कीर्तनकार मित्र मला म्हणाले, "बुवा, आपले काम नामस्मरणाचे. हे समाजकार्य वेगळे." त्यांना मी अरणच्या सावतोबांची आठवण दिली. सावता महाराजांनी मळा सोडला नाही. खुरपे, मोट, पाट यांतच त्यांनी पांडुरंग पाहिला. आषाढीला महाराष्ट्रातून संतांच्या पालख्या पंढरीला जातात, पण सावतोबांची पालखी जात नाही. उलट पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. जमीन राखणाऱ्या भक्ताकडे देव चालत येतो, याची साक्ष आपला संप्रदाय दर वर्षी काढतो. आणि गाडगेबाबांचे काय? त्यांनी आधी हातात खराटा घेतला, गाव झाडले आणि मग कीर्तनाला उभे राहिले. नाम आणि काम यांत भिंत घालणारे आपण कोण?

बोरगडाहून परत आल्यावर मी माझ्या चार जुन्या टाळकऱ्यांना गोळा केले. सगळे साठीच्या पुढचे. आम्ही त्या जुन्याच टेकडीवर, वन खात्याच्या माणसाला विचारून, १२ खड्डे घेतले. ५०० नाही, बारा. प्रत्येक रोपाशेजारी मातीचे मडके पुरले. मडक्याच्या तळाला बारीक भोक, त्यात चिंधीची वात, वर झाकण. एकदा भरले की पाणी मुळाशी झिरपत राहते, उन्हाने उडत नाही. आळ्यात पालापाचोळा घातला. दर एकादशीला, शुद्ध असो वा वद्य, पाण्याचे कॅन घेऊन वर जायचे, मडकी भरायची, तिथेच हरिपाठ म्हणायचा आणि खाली येऊन फराळ करायचा, असा नेम ठरवला.

फुटक्या खडकाशेजारच्या खड्ड्यात मला वड लावायचाच होता. दोनदा मेलेला तो वड मनाला टोचत होता. पण खालच्या वस्तीवरच्या गुराख्याने अडवले. "बाबा, तिथं माती ईतभर बी नाय. वड मरंल. त्यापरीस ह्यो धावड्याचा खुंट बघा, जित्ता हाय." खरेच, खड्ड्यापासून दोन हातांवर शेळ्यांनी खुरटवलेला धावडा होता. दोन सोहळ्यांत आम्ही त्याच्यावर चपला काढून ठेवल्या होत्या. मी वडाचा हट्ट सोडला. आम्ही खुंटाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण केले. पाणी घातले नाही, खतही घातले नाही. फक्त राखला.

दोन उन्हाळे झाले. बारांपैकी पाच रोपे जगली. दोन शेळ्यांनी खाल्ली. तीन एका फाल्गुनात वणव्यात गेली, कारण त्या वर्षी आम्ही जाळरेषा काढायला पंधरा दिवस उशीर केला. दोन का गेली ते कळले नाही. आमच्या पाच जणांतला एक टाळकरी गेल्या कार्तिकात वैकुंठवासी झाला, त्याच्या वाट्याची मडकी आता त्याचा मुलगा भरतो. आणि तो धावडा माझ्या कमरेच्या वर आला आहे.

हिशेब एवढाच आहे. मोठा नाही, पण खोटाही नाही.

२०२१ साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उत्खननाची यंत्रे चालली, तेव्हा नाशिककर त्याविरुद्ध उभे राहिले. तेव्हा अनेकांना प्रथमच जाणवले की डोंगरही जाऊ शकतो. आपल्याला वाटते देव अचल आहे, म्हणून त्याचा डोंगरही अचल. देव अचल असेल, पण माती वाहून जाते. झरा आटतो. जिथून १,४६५ किलोमीटरची गोदावरी निघते, तिथला पाझर रानाच्या मुळांनी धरून ठेवलेला आहे. रान नसेल तर कुशावर्तात स्नान कशाने करणार?

तेव्हा माउली, एक विनंती करतो. पौष वद्य एकादशीला आपण निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी येतो. ज्येष्ठात त्यांची पालखी पंढरीकडे निघते. या दोन तिथींच्या मधला काळच रानाच्या कसोटीचा आहे, फाल्गुन, चैत्र, वैशाख. तुमच्या दिंडीने तुमच्या गावाजवळची एक जागा धरावी, एक टेकडी, एक ओघळ, एक देवराई. वन खात्याला विचारावे, त्याहून आधी तिथे गुरे चारणाऱ्याला विचारावे. जवळ काम करणारी संस्था असेल तर तिच्यात जाऊन सांगेल ते काम करावे. पुढे पुढे करू नये. वयाने थकलेल्यांनी नुसते बसून राहावे, आग दिसली तर हाक मारावी. तीही राखणच. दिंडीत जसा विणेकरी, टाळकरी, चोपदार, पाणी देणारा, प्रत्येकाला मान असतो, तसा इथेही असतो.

आता मी निवृत्तिनाथांची कथा गादीवरून सांगत नाही, घरी नातवंडांना सांगतो. पखवाज नाही, थाप नाही. वाघ येतो, कुटुंब पांगते, निवृत्तिनाथ गुहेत शिरतात. आणि त्यानंतर मी वाघाला सोडून देत नाही. सांगतो, की तो गुहेच्या तोंडाशी बसून राहिला, आतले बोलणे पुरे होईपर्यंत कोणाला जवळ येऊ दिले नाही. ग्रंथात असे नाही, हे मी मुलांना प्रामाणिकपणे सांगतो. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्यांनी मला वाट दाखवली, तिच्यावरून मी एवढे पुढे आलो.

येती एकादशी आहे तेव्हा मडकी भरायची आहेत. जमले तर या.

रामकृष्णहरी.